रंगीत पेन्सिलीने संतांचे चेहरे : सराव कोणापासून सुरू करायचा

ख्रिस्ती संतांचं चित्र काढायला बसलेलं माणूस आधी प्रभावळ काढतं. मग झगा, मग हातातली लिली, आणि उरलेल्या जागेत चेहरा. मी रविवारी मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) पॅरिश हॉलमध्ये मुलांना आणि काही हौशी मोठ्यांनाही चित्रकला शिकवते. तिथे पहिल्याच दिवशी हा क्रम उलटा करायला लावते. आधी चेहरा. प्रभावळ सगळ्यात शेवटी, आणि तीसुद्धा हवीच असेल तर.

दुसरी गोष्ट संत निवडण्याची. ज्यांचे फोटो आहेत त्या संतांपासून सुरुवात करा. हात बसला की ज्यांची त्यांच्या काळातली चित्रं आहेत त्यांच्याकडे वळा. ज्यांचा चेहरा कुणालाच ठाऊक नाही ते संत शेवटी घ्या. बहुतेक जण याच्या नेमकं उलट करतात. संत अंतोनी, संत जोसेफ, संत सेबास्टियन यांची छापील चित्रं घरात असतात, म्हणून तीच समोर ठेवून उतरवायला घेतात. पण प्रार्थनेच्या कार्डावरचा चेहरा आधीच कुणीतरी गुळगुळीत करून ठेवलेला असतो. गालाखाली हाड नाही, डोळ्याखाली सावली नाही, नाक म्हणजे दोन ठिपके. त्यावरून शिकलात तर तो गुळगुळीतपणाच हाताला लागतो आणि मग काढलेला प्रत्येक संत एकमेकांचा भाऊ दिसतो. संत ही हाडामांसाची, विशिष्ट चेहऱ्याची माणसं होती. ते विशिष्टपण कागदावर यावं, यासाठीच हा सगळा सराव.

ऋतू आणि सामान

नागपुरात रंगीत पेन्सिलीचं काम हिवाळ्यात करावं. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की मेणाच्या पेन्सिलीचं शिसं मऊ पडतं. टोक टिकत नाही, हात जरा लागला की रंग भसकन उतरतो, आणि चेहऱ्याला लागणारे हलके थर देताच येत नाहीत. कूलर लावला तर दुसरी पंचाईत. त्याची ओलसर हवा कागद पितो, कागद सैलावतो आणि पेन्सिल सरकायची सोडून अडकते. उन्हाळ्यात बसायचंच असेल तर सकाळी, कूलर सुरू व्हायच्या आत बसा. पेन्सिलींचा डबा स्लॅबखालच्या तापत्या कपाटात किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. पावसाळ्यात कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून ठेवा.

हिवाळ्याची बाजू घ्यायला मला आणखी एक कारण आहे. संतांचे सण त्या दिवसांत एकामागून एक येतात. १ ऑक्टोबरला बाळ येशूची संत तेरेजा, १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण, ४ नोव्हेंबरला संत चार्ल्स बोरोमिओ, ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर, २४ जानेवारीला संत फ्रान्सिस डी सेल्स, ६ फेब्रुवारीला वसईचे संत गोन्सालो गार्सिया, ८ फेब्रुवारीला संत जोसेफिन बखिता. सरावाचं वेळापत्रक आयतं मिळतं. सण जवळ आला की त्या संतांबद्दल वाचन होतं, फादर प्रवचनात बोलतात, आणि वाचून-ऐकून काढलेल्या चेहऱ्यात फरक पडतो, हे मी मुलांच्या कागदांवर बघत आले आहे.

पेन्सिली मेणाच्या आणि तेलाच्या अशा दोन जातींच्या मिळतात. प्रिझ्माकलर प्रीमियर ही मेणाची, मऊ, पटकन भरणारी. फेबर-कॅसलची पॉलिक्रोमोस तेलाची, जरा कडक, टोक धरून ठेवणारी. आपल्या गरम हवेला मला तेलाची जास्त मानवते. पण नवशिक्याने महागड्या डब्यापासून सुरुवात करायची काही गरज नाही. शाळेच्या पेन्सिलींत रंग कमी आणि शिसं कडक असतं, त्यामुळे थर लवकर थांबतात, एवढंच. शाळेचा २४ चा डबा सरावाला पुरतो, आणि हात बसल्यावर चेहऱ्याला लागणाऱ्या सात-आठ पेन्सिली चांगल्या घ्या : क्रीम, यलो ओकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), रॉ अंबर (मातकट तपकिरी), सेपिया (गडद तपकिरी), एक गडद लाल, इंडिगो (गडद निळा) आणि गडद हिरवा. काळी पेन्सिल डब्यातच राहू द्या. इंडिगोवर सेपिया चढवला की जो काळोख मिळतो त्यात जीव असतो, काळ्या पेन्सिलीने कागदाला भोक पडल्यासारखं दिसतं.

कागदावर मात्र पैसे खर्च करा. २०० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप, जास्त म्हणजे जाड) वरचा, बारीक दाण्याचा. साध्या ड्रॉइंग शीटवर चौथ्या-पाचव्या थराला कागद रंग घ्यायचा थांबतो आणि चेहऱ्याला तर त्याहून जास्त थर लागतात. नागपुरात बर्डीवर आणि सदरमध्ये चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात सुटे कागद हाताळून घेता येतात. बोटाचं टोक कागदावरून फिरवून बघा, अगदी हलकी खरखर लागली पाहिजे. शार्पनर चांगल्या पात्याचा घ्या आणि पेन्सिल खाली पडू देऊ नका. पडलेल्या पेन्सिलीचं शिसं आतल्या आत तुटतं आणि मग प्रत्येक वेळी टोक काढताना तुकडा गळतो.

पहिला चेहरा : तेरेजा, एकाच रंगात

संत तेरेजा १८७३ साली फ्रान्समधल्या आलाँसाँ गावी जन्मल्या आणि १८९७ साली लिझ्यूच्या कार्मेल मठात क्षयाने वारल्या, अवघ्या चोविसाव्या वर्षी. त्यांची सख्खी बहीण सेलिन १८९४ साली त्याच मठात दाखल झाली ती आपला कॅमेरा घेऊन. म्हणून बंद मठात राहिलेल्या या संतांचे इतके फोटो आपल्याकडे आहेत. पुढे सेलिननेच चेहरा सौम्य करून काढलेली चित्रं आणि हात फिरवलेले फोटो जगभर गेले. मूळ फोटो लोकांसमोर यायला १९६१ उजाडलं.

दोन्ही शेजारी ठेवून बघा. कार्डावरची तेरेजा बाहुलीसारखी गोड आहे. फोटोतल्या तेरेजाचा जबडा रुंद आहे, हनुवटी ठाम आहे, आणि डोळे समोरच्याला सोडत नाहीत. एका मुलीने मला विचारलं होतं, "टीचर, या हसत का नाहीत?" त्या काळी फोटोसाठी काही सेकंद न हलता बसावं लागायचं. ओठ मिटलेले, मान स्थिर. पण खालच्या पापणीत किंचित उचल आहे, ती पकडली की चेहरा प्रसन्न होतो. ओठ वर वळवून हसू आणायला जाऊ नका.

फोटोची कृष्णधवल प्रत ए-फोर कागदावर काढून घ्या. एलिमेंटरी, इंटरमीजिएट दिलेल्यांना चौकटी आखून आकृती मोठी करणं ठाऊक असतं, तेच करायचं आहे. फोटोवर दोन-दोन सेंटिमीटरचे चौकोन आखा, तुमच्या कागदावर तीन-तीनचे. चौकोनांच्या रेघा एचबीने अगदी फिकट, कारण शिसपेन्सिलीची पूड रंगीत थरात मिसळली की गाल मळकट दिसतो. आकृती बसली की बर्न्ट सिएनाने तीच रेघ हलकीशी गिरवा आणि खालचं शिसं कणकेसारख्या मळता येणाऱ्या खोडरबराने टिपून घ्या. घासू नका, टिपा.

आता डोक्यावरचं वस्त्र. ही जागा नीट समजून घ्या, कारण सिस्टर मंडळींच्या जवळजवळ प्रत्येक चित्रात इथेच चूक होते. मुलं कपाळाच्या वर लगेच वेलची (डोक्यावरून सोडलेल्या कापडाची) रेघ ओढतात, आणि वेलच्या आत डोकंच नाही असं दिसतं. आधी पूर्ण डोकं काढा, केसांसकट, अंड्याच्या आकाराचं. डोळे त्या अंड्याच्या बरोबर मध्यावर येतात. माथ्याच्या वर कापडाच्या जाडीएवढी जागा सोडा, मग वेलची बाहेरची रेघ. कपाळावरच्या पांढऱ्या पट्टीची कड जिथे संपते तिथे त्वचेवर एक बारीक सावली पडते, जेमतेम पेन्सिलीच्या रुंदीची. ती सावली दिली की चेहरा वस्त्राच्या आत बसतो. नाही दिली तर चेहरा वर चिकटवलेला दिसतो. गालाच्या दोन्ही कडांना, जिथे पट्टी गालाला टेकते तिथेही तीच सावली, फक्त उजेडाच्या बाजूला फिकट.

हा पहिला चेहरा फक्त सेपियात करा. रंगांचा मोह नको. फोटोकडे डोळे बारीक करून बघा म्हणजे बारकावे पुसले जातात आणि उजेड-सावलीचे चार-पाच मोठे तुकडे उरतात. ते तुकडे आधी भरा. पेन्सिल मागून, सैल धरायची, टोक सतत धारदार, हात बारीक गोलाकार फिरवायचा आणि जोर जवळपास शून्य. एका थरात गडद करायचा प्रयत्न केला की कागदाचा दाणा दबतो आणि पुढचा रंग बसत नाही. सहा हलके थर एका जोरकस थरापेक्षा केव्हाही चांगले. हाताखाली कोरा कागद ठेवा, नाहीतर तळव्याचा घाम आणि तेल उजव्या गालावरून फिरतं.

डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो. वरच्या पापणीची सावली त्याच्यावर पडलेली असते, म्हणून तो राखाडी. फक्त बुबुळावरचा प्रकाशाचा ठिपका कागदाचा कोरा पांढरा, आणि तो पहिल्यापासून राखून ठेवावा लागतो. डोळे वर लावलेले संत काढायचे असतील तर बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली जातो आणि खाली पांढरं जास्त दिसतं. ते प्रमाण थोडं जरी चुकलं तरी माणूस घाबरल्यासारखा दिसतो, त्यामुळे सुरुवातीला समोर बघणारेच संत घ्या.

मदर तेरेसांच्या डोळ्याचा कोपरा

दुसरा सराव सुरकुत्यांचा, आणि त्यासाठी मदर तेरेसांपेक्षा चांगला चेहरा नाही. २०१६ साली त्या संत म्हणून घोषित झाल्या. आपल्याकडच्या कित्येक घरांत त्यांचा फोटो आहे.

सुरकुती म्हणजे रेघ नाही. रेघा ओढल्यात तर चेहरा जाळीखाली झाकल्यासारखा दिसेल. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून निघणारी एकच सुरकुती घ्या आणि भिंगातून बघा. तिच्या खोबणीत गडद आहे, खोबणीच्या लगेच खाली कातडीचा उंचवटा आहे आणि त्याच्या माथ्यावर उजेड आहे, मग तो उजेड हळूहळू गालात विरतो. म्हणजे गडद, उजळ, मध्यम, या क्रमाने तीन पायऱ्या. गडद भागालाही सुरुवात आणि शेवट आहे. कोपऱ्याजवळ धारदार, कानशिलाकडे जाताना मऊ होऊन नाहीसा. आधी क्रीम आणि ओकरचा सपाट हलका थर द्या, मग बर्न्ट सिएनाने खोबणी, तिच्या तळाशी फक्त सुरुवातीच्या निम्म्या भागात सेपिया, आणि उंचवट्याच्या माथ्याला हातच लावू नका. अशा चार सुरकुत्या नीट झाल्या की बाकीच्या नुसत्या सुचवल्या तरी चालतात. मी मुलांना संपूर्ण चेहऱ्याआधी नुसता हा डोळ्याचा कोपरा पोस्टकार्डाएवढ्या कागदावर काढायला देते.

साडी पांढरी, सुती, काठाला तीन निळ्या पट्ट्या, त्यातली एक रुंद आणि दोन अरुंद. मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या या साड्या कोलकात्याजवळ टिटागढच्या गांधीजी प्रेम निवासात कुष्ठरोगातून बरी झालेली माणसं आणि रुग्ण विणतात. हातमागाचं कापड आहे हे ध्यानात ठेवून चुण्या काढा. रेशमासारख्या लांब वाहत्या घड्या नकोत. आखूड, कोन करणाऱ्या, कुठे ताठ उभ्या राहणाऱ्या हव्यात. पांढऱ्या कापडाची सावली निळसर राखाडी, आणि चेहऱ्याजवळच्या घडीत थोडा ओकर, कारण त्वचेचा रंग तिथे परततो. निळे पट्टे घडीबरोबर वळले पाहिजेत. पट्टी ओढून सरळ आखलीत तर सगळी साडी सपाट होते.

"स्किन" नावाची पेन्सिल बाजूला ठेवा

मुलांच्या पेन्सिलींच्या डब्यात फिकट गुलाबी रंगाच्या पेन्सिलीला "स्किन" म्हणायची पद्धत आहे. माझ्या वर्गात ती पेन्सिल आधी प्रत्येकाने आपल्या मनगटाशेजारी धरून बघायची. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या एकाही हाताशी ती जुळत नाही. तरी चित्र काढताना येशूपासून केरळच्या संत अल्फोन्सापर्यंत सगळ्यांना तीच लावली जाते. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण आपल्या रंगाचं माणूस संत होऊ शकतं हे मुलाला चित्रातूनच पहिल्यांदा कळतं.

म्हणून तिसरा चेहरा संत जोसेफिन बखितांचा. सुदानमधल्या दार्फुरच्या. लहानपणी पळवून गुलाम म्हणून विकल्या गेल्या, पुढे इटलीत मुक्त झाल्या, कनोशियन संघाच्या सिस्टर झाल्या आणि १९४७ साली स्कियो गावी वारल्या. २००० साली संतपद मिळालं. त्यांचे म्हातारपणीचे फोटो उपलब्ध आहेत.

गडद त्वचेसाठी खाली क्रीम देऊ नका, खडूसारखी पांढुरकी झाक शेवटपर्यंत राहते. पहिला थर बर्न्ट सिएनाचा, सगळीकडे, फक्त उजेडाच्या जागा सोडून. दुसरा गडद लाल, गाल आणि कान यांवर. मग सावलीत इंडिगो आणि त्यावर सेपिया. थर एवढ्या क्रमाने दोनदा-तीनदा फिरले की आतून ऊब दिसायला लागते. आता उजेड. गोऱ्या त्वचेवर उजेड पसरतो, गडद त्वचेवर तो एका ठिकाणी ठळक पडतो : कपाळाचा मध्य, गालाच्या हाडाचा माथा, नाकाचा शेंडा, खालचा ओठ. खिडकीचा उजेड असेल तर त्याला आकाशाची निळसर झाक असते. तिथे कागद कोरा ठेवून शेवटी फिकट निळी पेन्सिल एकदाच फिरवा. चेहरा उजळ करायच्या नादात सावल्या फिकट करू नका. सावली जितकी खोल, तितका हा उजेड बोलतो.

आपल्या भारतीय चेहऱ्यांसाठी, म्हणजे संत अल्फोन्सांसाठी, खालचा थर यलो ओकरचा, त्यावर बर्न्ट सिएना, सावलीत रॉ अंबर आणि किंचित गडद हिरवा. हिरवा ऐकून लोक दचकतात. पण जबड्याखाली आणि डोळ्यांच्या खोबणीत तो सिएनाखाली घातला की लालसरपणा मोडतो आणि सावली खरी वाटते. जुने इटालियन चित्रकार त्वचेखाली हिरव्याचा थर देतच असत. अल्फोन्सांचे फोटो कृष्णधवल आहेत, त्यामुळे वस्त्राचा रंग त्यावरून ठरवू नका. त्यांच्या संघाच्या एखाद्या सिस्टरना विचारा. संघागणिक वस्त्र वेगळं असतं आणि सिस्टर मंडळी आनंदाने सांगतात.

वर्गातल्या मोठ्या मुलांना हल्ली कार्लो अक्युटिस हवा असतो. त्यालाही फोटोवाल्यांतच धरा. २००६ साली पंधराव्या वर्षी वारलेला हा मुलगा ७ सप्टेंबर २०२५ ला संत झाला, आणि त्याचे रंगीत फोटो आहेत, पोलो टी-शर्ट घातलेले. कुरळे केस काढताना एकेक बट मोजू नका. केसांचा एकच गडद आकार धरा आणि कडेच्या चार बटा मोकळ्या सोडा.

चित्रं असलेले संत

आता कॅमेऱ्याआधीची माणसं. नागपूरकरांसाठी दोन नावं सहज सुचतात. सेमिनरी हिल्सला ज्या सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे नाव मिळालं ते चार्ल्स बोरोमिओ, आणि आमच्या कॅथेड्रलचे आश्रयदाते फ्रान्सिस डी सेल्स.

चार्ल्स १५३८ ते १५८४, मिलानचे आर्चबिशप. १५७६ च्या प्लेगमध्ये शहर सोडून न जाता आजाऱ्यांमध्ये फिरले. त्यांच्याच काळातल्या आंब्रोजियो फिजिनो या चित्रकाराने काढलेलं चित्र मिलानच्या आंब्रोसियाना संग्रहालयात आहे, आणि त्यात नाक मोठं, बाकदार, स्पष्ट आहे. बाजूने दिसणारा चेहरा शिकायला हेच घ्या. नाकाची रेघ सलग ओढू नका. कपाळातून निघाल्यावर भुवयांपाशी एक खाच, मग हाडाचा उंचवटा, जिथे हाड संपून कूर्चा लागते तिथे दुसरा बाक, मग शेंडा, अशा चार टप्प्यांत ती जाते. उंचवट्याला उजेड धरतो, त्याच्या खाली लगेच सावली. हे नाक लहान करावंसं वाटेल. करू नका. त्या नाकावरूनच चार शतकं त्यांना लोक ओळखत आले आहेत.

फ्रान्सिस डी सेल्स १५६७ ते १६२२, जिनिव्हाचे बिशप, राहायला आजच्या फ्रान्समधल्या अनेसीला. त्याच अनेसीत त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या संघाचे मिशनरी एकोणिसाव्या शतकात इकडे आले, म्हणून नागपूरशी त्यांचं नातं. टक्कल पडलेलं उंच कपाळ आणि भरघोस दाढी ही त्यांची खूण. टकलाचा घुमट गोल दिसण्यासाठी सावली कडेला संपवू नका. कडेच्या जरा आत सर्वांत गडद ठेवा आणि अगदी कडेला थोडा परतलेला उजेड सोडा. दाढी काढताना आधी रिकाम्या रिफिलच्या बॉलपेनने कोऱ्या कागदावर दाबून केसांच्या काही रेघा उमटवा. नंतर वरून रंग फिरवला की त्या खोबणीत रंग जात नाही आणि पिकलेले केस आपोआप पांढरे राहतात. हे काम रंग लावायच्या आधीच करायचं, नंतर जमत नाही.

त्यांच्या बिशपच्या केपचा जांभळा आणि गालांचा गुलाबी, हे दोन रंग उन्हात सर्वांत आधी उडतात. पॉलिक्रोमोससारख्या पेन्सिलीवर तारे छापलेले असतात, तीन तारे म्हणजे टिकाऊ. ज्यांच्यावर काही छापलेलं नाही त्या आपल्या उन्हातच तपासा : प्रत्येक रंगाची पट्टी कागदावर काढा, अर्धी जाड पुठ्ठ्याने झाका आणि उन्हाळाभर खिडकीला चिकटवून ठेवा. जूनमध्ये पुठ्ठा काढला की कोणत्या पेन्सिली सणाच्या चित्रातून काढून टाकायच्या ते समोर दिसतं.

ज्यांचा चेहरा कुणी पाहिला नाही

वसईचे गोन्सालो गार्सिया हे भारतात जन्मलेले पहिले संत. वडील पोर्तुगीज, आई वसईकडची. जपानमध्ये व्यापार केला, जपानी भाषा अवगत केली, मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत पंचवीस जणांसोबत क्रुसावर भाल्यांनी मारले गेले. चाळिशीच्या आसपास होते. १८६२ साली संतपद. त्यांना समोर बसवून काढलेलं चित्र नाही. जी आहेत ती नंतरच्या कल्पनेतली, आणि पुष्कळ चित्रांत ते पुरते युरोपीय दिसतात.

इथे तुमचा आतापर्यंतचा सराव कामाला येतो. जिवंत माणूस शोधा. पॅरिशमधले, नात्यातले, चाळिशीतले एखादे काका, उन्हातान्हात काम केलेले. परवानगी घेऊन, "संतांच्या चित्रासाठी बसाल का" असं सरळ विचारून, सकाळी खिडकीशेजारी बसवा. उजेड एकाच बाजूने. फोटो काढा, पण समोर बसूनही रेखाटन करा. मग त्या चेहऱ्यातलं काय ठेवायचं ते ठरवा : गालाचं हाड, कपाळाची आठी, ओठांची ठेवण. माणूस हुबेहूब तोच राहू नये, म्हणून दुसऱ्या कुणाची भुवई, तिसऱ्याचा जबडा घ्या. कार्डावरचा चेहरा मात्र यात मिसळू नका. खांद्यावर फ्रान्सिस्कन झगा, मागे क्रूस आणि दोन भाले. हुतात्म्याच्या हाती खजुराची फांदी द्यायची जुनी पद्धत आहे, तीही चालेल. रक्त, जखमा लागत नाहीत. काय घडणार आहे हे ठाऊक असलेल्या माणसाची नजर काढता आली की पुरे, आणि ती नजर तुम्ही तेरेजाच्या पापणीवर शिकलेला आहात.

प्रभावळीचं थोडक्यात. सोनेरी मेटॅलिक पेन्सिल कागदावर मातकट दिसते. सोनं दिसतं ते गडदाच्या शेजारी : यलो ओकर, मध्ये कोरा कागद, बाहेर रॉ अंबर आणि पार्श्वभूमीला इंडिगो. आत क्रूस असलेली प्रभावळ फक्त ख्रिस्ताची, ती संतांना देऊ नका. ज्यांना अजून "धन्य" (संतपदाच्या आधीची पायरी) एवढीच पदवी आहे, जसं २०१७ साली इंदूरला धन्य घोषित झालेल्या सिस्टर राणी मारिया, त्यांना परंपरेने पूर्ण वलयाऐवजी नुसते किरण दाखवतात. फोटोवाल्या संतांना मी स्वतः प्रभावळ देत नाही. पार्श्वभूमी चेहऱ्याजवळ जरा उजळ ठेवते, तेवढ्याने काम होतं.

मेणाच्या पेन्सिलीचं चित्र काही दिवसांनी धुरकट दिसू लागलं तर घाबरू नका, वर आलेलं मेण आहे. मऊ सुती कापडाने अगदी हलक्या हाताने पुसा आणि फिक्सेटिव्हचे (रंग पक्का करणाऱ्या फवाऱ्याचे) दोन पातळ हात द्या, गच्चीवर, वारा नसताना. काचेला कागद टेकणार नाही अशी फ्रेम करून घ्या आणि पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका. सरावाचे कागदही फाडून टाकू नका. संतांचा चेहरा कचऱ्यात टाकवत नाही असं मुलं म्हणतात, ते मला पटतं, आणि मागचे कागद पुढच्या सणाला तुलनेला लागतात. प्रत्येकाच्या पाठीमागे संतांचं नाव, सणाची तारीख, वापरलेल्या पेन्सिलींचे नंबर आणि चेहरा कशावरून घेतला ते लिहा : फोटोवरून, जुन्या चित्रावरून, की समोर बसलेल्या माणसावरून. समोर बसलेल्या काकांची इच्छा असेल तरच त्यांचं नाव लिहा.